वाट आणि मुक्काम : माहूरच्या आधाराने यात्रावाङ्मयाचा विचार

मराठी यात्रावाङ्मयावर आजवर जी टीका झाली आहे तिची दृष्टी बहुधा यात्रेच्या शेवटाकडे लागलेली असते. क्षेत्र, दैवत, दर्शन आणि दर्शनाने झालेला आनंद यांचे विवेचन विस्ताराने केले जाते. तेथपर्यंत नेणारी वाट मात्र दोन-चार वाक्यांत उरकली जाते. क्वचित एखादा टीकाकार वाटेकडे वळलाच, तर तो लगेच सृष्टिसौंदर्याची भाषा बोलू लागतो. आडवाटेने, पायी, सावकाश जाणाऱ्यास डोंगर, नद्या आणि राने यांचे सान्निध्य लाभते, त्या सान्निध्याने मन निर्मळ होते आणि निर्मळ मनास परतत्त्वाचा स्पर्श होतो, असा हा युक्तिवाद असतो. तो रम्य आहे. परंतु त्याचे मूळ आपल्या जुन्या ग्रंथांत शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. इंग्रजी स्वच्छंदतावादी काव्य महाविद्यालयांतून शिकविले जाऊ लागल्यावर ही दृष्टी आपल्याकडे रुजली, आणि वर्ड्‌स्वर्थाने सरोवरांच्या प्रदेशात पायी हिंडताना जे अनुभवले ते महानुभाव भिक्षूने किंवा वारकऱ्यानेही अनुभवले असलेच पाहिजे, असे गृहीत धरण्याची सवय अभ्यासकांना जडली.

ग्रंथांची साक्ष निराळी आहे. म्हाइंभटांनी शके १२०० च्या सुमारास सिद्ध केलेले लीळाचरित्र हा मराठी गद्याचा आद्य आणि थोर ग्रंथ पुष्कळसा वाटेवरच घडतो. चक्रधरस्वामी गोदावरीच्या खोऱ्यातून गावोगाव हिंडत आहेत, मागून भक्तजन चालत आहेत, कोठे देवळात उतरले आहेत, कोठे झाडाखाली बसले आहेत, असेच चित्र पानोपानी दिसते. असे असूनही निसर्गवर्णन म्हणून वेगळे काढून दाखवावे असे उतारे त्यात अत्यंत विरळ आहेत. नदी येते ती स्नानासाठी किंवा उतरून पलीकडे जाण्यासाठी. झाड येते ते सावलीसाठी. वाट मंद आहे, लांब आहे, फिरून फिरून त्याच प्रदेशात येणारी आहे, आणि तिला आध्यात्मिक अर्थ आहे यातही संशय नाही. मग तो अर्थ सृष्टिशोभेतून येत नसेल, तर येतो कोठून, हा प्रश्न विचारल्यावाचून या ग्रंथाचे वाचन पुरे होत नाही.

या प्रश्नाचा विचार माहूरच्या आधाराने करणे सोयीचे ठरते. नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकाला असलेल्या या डोंगरी क्षेत्राभोवती प्रवासाच्या ज्या कथा जमल्या आहेत, त्यांत गतीचाच प्रश्न निरनिराळ्या रूपांनी उभा राहिला आहे. त्यांपैकी सर्वांत परिचित कथा दत्तात्रेयाच्या दिनक्रमाची. दत्तात्रेयाचे स्नान काशीस, भिक्षा कोल्हापुरास आणि निद्रा माहूरच्या शिखरावर, असे सांगितले जाते. महानुभाव परंपरेत यालाच गोदाकाठच्या पांचाळेश्वरच्या भोजनाची जोड दिलेली आहे. शेकडो कोसांचा हा फेरा रोज पुरा होतो. येथे वाट म्हणून काही उरतच नाही. ईश्वरास वाटेचे प्रयोजन नाही, कारण त्याला कोठे पोहोचावयाचे नाही. वाट ही जीवाच्या वाट्याला आलेली गोष्ट आहे. ही कथा बहुधा क्षेत्रांची महती वाढविण्यासाठी सांगितली जाते. तिचा खरा उपयोग असा की, शीघ्रगती हे ईश्वराचे लक्षण मानून ती माणसाच्या आटोक्याबाहेर ठेवते.

दुसरी कथा परशुरामाची. सहस्रार्जुनाकडून पिता जमदग्नी मारला गेल्यावर परशुरामाने कावड केली; एका पारड्यात पित्याचे शव आणि दुसऱ्यात माता रेणुका घेऊन तो अंत्यविधीसाठी कोरी भूमी शोधीत निघाला. ती भूमी त्याला माहूरच्या डोंगरावर मिळाली, दत्तात्रेयाने आचार्यत्व केले आणि रेणुकेने सहगमन केले. कावड खांद्यावर घेऊन जाणाऱ्याची चाल मुद्दाम ध्यानात घेण्यासारखी आहे. दोन्ही पारडी सारखी राहावीत म्हणून तिला एक ठरावीक ठेका असतो. घाई केली की तोल जातो. परशुराम येथवर आला तो या चालीने. पुढे मातृवियोगाने तो व्याकुळ झाला तेव्हा ती भूमीतून पुन्हा प्रकट होईल, मात्र मागे वळून पाहू नये, असे त्यास सांगण्यात आले. त्याला तेवढा धीर धरवला नाही. तो वळला तेव्हा केवळ मुखच भूमीबाहेर आले होते, आणि म्हणून माहुरास देवीच्या मुखाचीच पूजा होते. सबंध वाट ज्याने सावकाश काटली त्याची घाई शेवटच्या क्षणी प्रकट व्हावी, यात कथाकाराचे मानवी स्वभावाचे ज्ञान दिसते. माहात्म्यग्रंथांचे रचनाकार सामान्यतः इतके सूक्ष्म नसतात. अपुऱ्या दर्शनाचीच मूर्ती झाली आणि तीच पूर्णपीठ म्हणून पूजली गेली. उतावीळपणाबद्दल शिक्षा सांगण्याऐवजी कथेने त्यालाच देवालयात जागा दिली.

तिसरी कथा चांगदेव राउळांची असून ती महानुभाव पंथाच्या पंचकृष्णांच्या परंपरेचा एक सांधा आहे. फलटणचे चांगदेव राउळ यात्रेकरूंच्या संगतीने माहुरास आले. तेथे मेरुवाळा तळ्याच्या परिसरात, देवदर्शनाच्या वाटेवर असताना झुडपांतून एक वाघ बाहेर आला आणि त्याने त्यांच्या मस्तकावर पंजा ठेवला. हा वाघ म्हणजेच श्रीदत्तात्रेय, आणि हीच शक्तिस्वीकाराची घटना, असे परंपरा मानते. या कथेत विशेष पाहण्यासारखे आहे ते स्थळ. ज्या दर्शनासाठी यात्रा केली ते दर्शन गाभाऱ्यात घडलेले नाही. स्नानाचे ठिकाण आणि दर्शनाचे ठिकाण यांच्या मधल्या रानात, जेथे यात्रेकरूचा कोणताच विधी नसतो तेथे, ते घडले आहे. शिवाय ते मागितलेले नाही, आणि ज्या रूपात आले त्या रूपापुढे कोणीही पळूनच जावे. वाटेत जे भेटते ते आपल्या निवडीचे नसते, ही गोष्ट या कथेने एका वाघाच्या साहाय्याने सांगून टाकली आहे.

दत्तात्रेय हे पंचकृष्णांपैकी एक, माहूर हे त्यांचे निद्रास्थान, तेथील देवदेवेश्वर हे महानुभावांचे वंदनीय स्थान. इतके असल्यावर चक्रधरस्वामींनी आपल्या शिष्यांस माहूरची वाट आग्रहाने दाखविली असेल, अशी कोणाचीही अपेक्षा होईल. सूत्रपाठ मात्र वेगळेच सांगतो. मातापूर आणि कोल्हापूर या स्थानांस जाऊ नये, तेथील देवता साभिमान असून साधकास विघ्न करतात, असा निषेध आचारविषयक सूत्रांत आहे. त्याच्याच जोडीला आणखी एक निषेध येतो : कानडी देशास जाऊ नये, तेलंग देशास जाऊ नये. कारण दिले आहे ते असे की, हे देश विषयबहुल आहेत आणि तेथे तापसाला मान मिळतो. नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांतील अभ्यासकाला ही सूत्रे केवळ पोथीतील म्हणून वाचता येणार नाहीत. देगलूर-बिलोलीकडून दोन पावले पुढे टाकली की तेलंगण लागते, उदगीर-निलंग्याकडून कर्नाटक लागते. आणि निषिद्ध मातापूर तर नांदेड जिल्ह्यातच आहे. स्वामींनी आखलेल्या आचारभूमीची कड नेमकी या प्रदेशातून जाते.

या निषेधांचा अर्थ भाषाभिमानाच्या अंगाने लावण्याची पद्धत आहे, आणि त्यात तथ्यही आहे. येथे प्रस्तुत असलेला मुद्दा त्याहून वेगळा आहे. समृद्ध, इंद्रियांस रिझविणारा, पाहुण्याची बूज राखणारा मुलूख हा प्रवाशाला आकर्षण वाटावा असा मुलूख होय. स्वामींनी तेच त्याज्यतेचे कारण केले. रम्य वाटेने जावे म्हणजे चित्तशुद्धी होते, या मताचा इतका सरळ व्यत्यास दुसरीकडे क्वचितच आढळेल. साधकाने अटन करावे, विजनात राहावे, भिक्षा मागावी आणि स्मरण करावे. गावाशी, घराशी, विशिष्ट दात्याशी संबंध जडू देऊ नये. देशाच्या एका टोकाला झाडाखाली, जेथे ओळखीचे कोणी नाही तेथे, आयुष्य घालवावे, असा एकंदर उपदेश आहे. या अटनाला गंतव्य नाही. गंतव्य नसल्यामुळे त्याला जवळची वाट आणि लांबची वाट हा भेदही नाही. वाट मंद असते ती मंदपणाच्या आवडीने नव्हे. पुढे कोठे जावयाचे नसल्याने घाईला कारणच उरत नाही, म्हणून.

या विचाराचे प्रतिबिंब लीळाचरित्राच्या आणि त्यानंतरच्या स्थानपोथीच्या रचनेत पडलेले आहे, आणि वाङ्मयीन दृष्टीने हाच भाग सर्वाधिक महत्त्वाचा आहे. महानुभावांनी स्वामींच्या थांबण्याची एक परिभाषाच तयार केली. दीर्घकाळ राहिले ते अवस्थान, रात्र काढली ती वसती, नुसते बसले ते आसन. एका रात्रीचा मुक्काम आणि काही घटकांचे बसणे यांनाही नाव मिळाले आहे आणि नोंदीत जागा मिळाली आहे. दोन गावांमधील अंतराला मात्र असे नाव नाही. म्हणजे या वाङ्मयात प्रवास मोजला जातो तो कोसांनी मोजला जात नाही, थांबण्यांनी मोजला जातो. स्थानपोथी तर या थांबण्यांची यादीच होय. कोणत्या गावी, गावाच्या कोणत्या दिशेस, कोणत्या तोंडाच्या देवळात, त्या देवळाच्या कोणत्या बाजूस स्वामी बसले, हे ती नोंदविते. रसिक वाचकास ती रुक्ष वाटते. तिच्यात रूपक नाही, उपमा नाही, भावनेचा उद्गार नाही. परंतु ज्याला हे सर्व शब्द जपून ठेवावेसे वाटले त्याच्या मनाची कल्पना केली म्हणजे त्या रुक्षतेतील प्रेम जाणवू लागते. गेलेल्या माणसाच्या घरात तो कोणत्या खांबाला टेकून बसत असे, हे घरची माणसे नेमके सांगतात. त्या जातीचे हे गद्य आहे.

येथे एक विसंगती निर्माण झाली आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ज्यांनी गंतव्य नसलेले अटन शिकविले त्यांच्याच पाऊलखुणांची पुढे गंतव्ये झाली. स्थानांवर ओटे बांधले गेले, त्यांचे वंदन सुरू झाले, आणि निरुद्देश वाटेचा नकाशा तयार झाला. कठोर तर्काने पाहिल्यास हा मूळ उपदेशाचा ऱ्हास म्हणावा लागेल. तथापि हा ऱ्हास ज्या कारणाने झाला त्याकडेही पाहिले पाहिजे. स्वामींनी उत्तरापंथे गमन केल्यावर भक्तांजवळ त्यांचे थांबणेच तेवढे उरले होते. शिवाय म्हाइंभटांनी लीळा मिळविल्या त्याही याच रीतीने मिळविल्या : ज्याने जी लीळा पाहिली त्याच्याकडे स्वतः जावे, त्याच्या सवडीने ऐकावे, पडताळा पाहावा आणि मग लिहावे. मूळ प्रत परचक्राच्या धामधुमीत नष्ट झाल्यावर ग्रंथ पुन्हा स्मरणातून उभा करावा लागला, आणि त्यातूनच हिराइसेच्या पाठासारखे वेगवेगळे पाठ निर्माण झाले. पाठचिकित्सकाला ही डोकेदुखी वाटते. पण एकाच लीळेकडे जाणाऱ्या अनेक वाटा राहाव्यात आणि त्यांपैकी कोणतीही पुसली जाऊ नये, ही वृत्ती पंथाच्या स्वभावाशी जुळणारीच आहे.

माहूरच्या डोंगराचे वर्णन करणारा काव्यग्रंथ महानुभावांजवळ आहे, ही गोष्ट या विवेचनाविरुद्ध कोणी पुढे करील. सातीग्रंथांत गणले जाणारे रवळोबासांचे सह्याद्रिवर्णन हे ते काव्य. त्याचा विषय माहूरचा सह्याद्री आणि श्रीदत्तात्रेय हाच आहे. मात्र तेथे पर्वताचे महत्त्व अवताराच्या निवासामुळे आहे. पर्वतस्तुती हे ईश्वरस्तुतीचे अंग आहे. संस्कृत महाकाव्याच्या संकेतांशी परिचित असलेल्या विद्वान कवीने पर्वतवर्णन करणे हे स्वाभाविकही होते. त्या वर्णनातील डोंगर चढणाऱ्या यात्रेकरूच्या पायांना लागणारा नव्हे. पायाला लागणारा डोंगर हवा असेल तर गद्याकडेच परत यावे लागते.

आता दुसऱ्या आणि अधिक अवघड आक्षेपाचा विचार करावयास हवा. मंद वाटेला अर्थ आहे असे म्हणताना ती वाट निवडलेली होती, असे गृहीत धरले जाते. तेराव्या शतकात निवड कोणती होती? राजा घोड्यावरून जाई आणि इतर सर्व पायीच जात. पंढरीस जाणारा लातूरचा शेतकरी पायी निघे तो मंदगतीच्या तत्त्वज्ञानाने निघत नसे. दुसरा उपायच नव्हता. या प्रदेशात निवड कधी उत्पन्न झाली हे मात्र वर्षानिशी सांगता येते. बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद रुळांचा मार्ग १८९७ मध्ये बार्शीपर्यंत सुरू झाला, १९०६ मध्ये तो पंढरपुरास पोहोचला आणि १९११ मध्ये लातुरास आला. अडीच फूट अंतराच्या रुळांवरून जाणारी ती गाडी आजच्या मानाने रखडतच जाई, तरी पायी दिवसच्या दिवस लागणारे अंतर तिने पुष्कळच जवळ आणले. पुढे १९५४ मध्ये हा मार्ग सरकारच्या ताब्यात आला आणि २००७-०८ च्या सुमारास लातूर-कुर्डुवाडी मार्ग रुंद झाला. नांदेडला तर मनमाड-हैदराबाद मार्गाची गाडी १९०० मध्येच आली होती.

गाडी आल्यावर दिंड्या थांबल्या नाहीत. मात्र त्यांच्या चालण्याचा अर्थ पालटला. पूर्वी जे करावेच लागे ते आता करावयाचे ठरवून केले जाऊ लागले, आणि म्हणूनच त्याविषयी बोलले आणि लिहिले जाऊ लागले. मंद वाटेविषयीचे आपले बहुतेक चिंतन रेल्वेनंतरचे आहे, ही गोष्ट टीकाकारांनी नजरेआड करू नये. याच मराठवाड्यातून दरवर्षी ऊसतोडीसाठी बिऱ्हाड घेऊन निघणारी कुटुंबे आणि दुष्काळात गाव सोडणारी माणसेही लांबच्या वाटेने गेली आहेत. त्यांच्या वाटेत केवळ ती खडतर व लांबलचक आहे म्हणून अध्यात्म पाहणे हे टीकेचे काम नव्हे. तो निष्ठुरपणा होईल. या कसोटीवर महानुभावांचे अटन फार वेगळे दिसते. दुसरा उपाय नसण्याच्या काळातही ते निवडलेले होते, कारण त्यात नाकारलेली गोष्ट वाहन नव्हती, घर ही होती.

वारकरी परंपरेत याच प्रश्नाचे उत्तर निराळ्या अंगाने आले आहे. नामदेवांच्या नावावर असलेल्या तीर्थावळीच्या अभंगांचा विचार येथे आवश्यक ठरतो. नामदेवांचे जन्मस्थान म्हणून एका परंपरेने सांगितलेली नरसी नांदेडच्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात आहे, औंढा नागनाथही तेथेच. तेव्हा तीर्थावळी या परिसरास परकी नाही. या प्रकरणात उत्तरकालीन भर बरीच पडली असावी, हे अभ्यासकांना मान्य आहे. तरीही त्यातील मूळ कल्पना एका समर्थ कवीची आहे यात शंका नाही. ज्ञानदेव नामदेवांस तीर्थयात्रेला चलण्याची विनंती करतात आणि नामदेवांस ती मुळीच रुचत नाही. सर्व तीर्थे ज्याच्या पायी आहेत तो विटेवर उभा असताना फिरावयाचे कशासाठी, असा त्यांचा भाव. विठ्ठल अनुज्ञा देतो, नामदेवांस ज्ञानदेवांच्या हाती सोपवितो आणि मग स्वतःच विरहाने कासावीस होतो. पुढील सारी वाट या ओढीने भरलेली आहे. तीर्थांची नावे येतात, पण वर्णन रंगते ते दोघांच्या संवादात. ज्ञानी पुरुष भक्ताला भक्तीचे वर्म विचारतो आणि भक्त रडवेला होऊन उत्तर देतो. मरुभूमीतील विहिरीचा प्रसंग प्रसिद्ध आहे. पाणी खोल असते. ज्ञानदेव योगसामर्थ्याने आत उतरून तहान भागवितात, नामदेवांस ते साधत नाही. ते धावा करतात आणि विहीर भरून वाहू लागते. सिद्धीने पाणी मिळविणाऱ्यापेक्षा पाण्याची वाट पाहणारा येथे मोठा ठरविला आहे. यात्रेअंती पंढरपुरास मावंदे होते, आणि नामदेवांस पहिल्यापासून जेथे राहावयाचे होते तेथेच ते परत येतात.

अटनात गंतव्य नाही. तीर्थावळीत गंतव्य आहे, पण ते आरंभबिंदूच आहे. दोन्हींत मधली वाट कशाच्याही साधनभूत उरत नाही. आणि दोन्हींत चालणाऱ्याने एक अधिकार सोडलेला असतो : कोठे थांबावयाचे आणि काय मिळवावयाचे हे ठरविण्याचा. महानुभाव भिक्षू भिक्षेच्या स्वाधीन असतो, नामदेव धाव्याच्या. मंदगतीचा आध्यात्मिक अर्थ या पराधीनतेत शोधावयास हवा, गतीच्या मानात नव्हे. चांगदेव राउळांच्या मस्तकावरचा पंजा या अर्थानेच माहूरच्या साऱ्या कथांचा मध्य आहे.

नामदेवांविषयी आणखी एक गोष्ट जाता जाता नोंदविण्याजोगी आहे. उत्तरेतील त्यांच्या वास्तव्याची स्मृती पंजाबातील घुमान येथे जपली गेली, आणि त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट झाली. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी नांदेड येथे त्याच ग्रंथास गुरुपद दिले. नरसीचा शिंपी पंजाबात गेला आणि त्याची वाणी चार शतकांनी गोदावरीच्या काठी परत आली. नरसीहून नांदेडला येण्यास याहून लांबची वाट शोधून सापडणार नाही.

आधुनिक गद्यात या परंपरेची परीक्षा पाहणाऱ्या दोन लेखनकृती अभ्यासक्रमांतून आवर्जून वाचल्या गेल्या पाहिजेत : इरावती कर्वे यांचा ‘परिपूर्ती’ (१९४९) या संग्रहातील ‘वाटचाल’ हा लेख आणि दि. बा. मोकाशी यांचे ‘पालखी’ (१९६४). दोघेही पालखीबरोबर चालले ते निरीक्षकाची दृष्टी न सोडता. मोकाशींचे पुस्तक अधिक विस्तृत, अधिक साशंक आणि गद्याच्या दृष्टीने अधिक संयत आहे. श्रद्धा उसनी घ्यावयाची नाही आणि श्रद्धावंताचा उपहासही करावयाचा नाही, ही कसरत त्यांनी अखेरपर्यंत निभावली. त्यांच्या लेखनात मुक्कामाची चिंता वारंवार डोके वर काढते. आज उतरावयाचे कोठे, जेवावयाचे काय. वारकऱ्याने जे सोडून दिलेले असते ते लेखकाला सोडवत नाही, आणि पुस्तकातील खरा ताण त्यातूनच निर्माण होतो. निसर्गवर्णनाची ओढ असलेल्या वाचकाची त्याने थोडी निराशा होईल; तेच त्याचे सामर्थ्य आहे.

कर्वेबाईंचा लेख छोटा आहे, आणि त्यातील एक निरीक्षण आजही बोचते. त्यांच्या दिंडीत ब्राह्मण आणि मराठा एकाच पालखीमागे चालत, तेच अभंग म्हणत. जेवणे मात्र वेगळी होत. दिवसभराच्या चालण्यात, भजनात, उन्हापावसात जे एक झालेले दिसे ते मुक्काम पडताच पुन्हा दुभंगे. समाजशास्त्रज्ञ म्हणून त्यांना याचे नवल वाटले नसेल; सहयात्री म्हणून वाटलेले दुःख त्यांनी लपविलेले नाही. वाटेच्या समतेचे गोडवे गाणाऱ्या लेखकांनी हा लेख पुनःपुन्हा वाचावा. चालताना एक होणे सोपे असते, कारण चालताना कोणी कोणाचे काही घेत नाही. सूत्रपाठाने भिक्षूस चारही वर्णांच्या घरी भिक्षा मागण्यास सांगितले ते तेराव्या शतकात, आणि तेही चालण्याविषयी सांगितलेले नाही. दारात उभे राहून झोळीत काय पडू द्यावे याविषयी सांगितले आहे. इरावतीबाईंच्या दिंडीतील चुली त्या सूत्राशेजारी ठेवून वाचल्या म्हणजे स्थानपोथीच्या लेखकाने गावागावांतील नुसत्या बसण्याच्या जागा इतक्या काटेकोरपणे का लिहून ठेवल्या, हे कळू लागते.